हिरव्या बुरशीचा जीनोम: कळमन्याच्या सडक्या संत्र्यापासून फास्टा फाइलपर्यंत

१४ डिसेंबर २०२३

सकाळी सहाला कळमना, नागपूरचा घाऊक बाजार. आंबिया बहाराचा माल जोरात आहे, ढिगांमधून चालायला वाट नाही. आपल्याला हवा तो माल ढिगात नसतो, ढिगाच्या मागे फेकलेला असतो. अडत्याला सडकी फळं मागितली तर तो बघतच राहिला. "सडका काऊन पायजे जी मॅडम? चांगला न्या ना." बुरशीवर काम करायचं आहे म्हटल्यावर त्याने अख्खं क्रेट पुढे सरकवलं. "न्या मंग. पैसे कायले देता, हे तं फेकाचंच हाय."

निवडताना दोन बुरश्या डोळ्यांनीच वेगळ्या करता येतात. मधे शेवाळी हिरवा डाग आणि भोवती रुंद, मऊ पांढरी कड असेल तर पेनिसिलियम डिजिटॅटम, म्हणजे आपली हिरवी बुरशी. डाग निळसर आणि पांढरी कड अगदी बारीक असेल तर पेनिसिलियम इटालिकम. एकाच फळावर दोघी शेजारी नांदतात, त्यामुळे हा फरक कच्चाच समजावा. त्याचा फटका पुढे आहे.

जवळजवळ प्रत्येक फळावर सड देठापासून सुरू झालेली दिसली. ओढून तोडलेलं फळ, देठाजवळची साल उचकटलेली. ही बुरशी अखंड सालीतून आत शिरत नाही, तिला जखम लागते. कात्रीने देठ ठेवून तोडलेल्या फळांच्या ढिगामागे फेकलेला माल कमी होता. हे मोजून नाही सांगत, नजरेने सांगते आहे.

फळं एकेक करून कागदी पिशवीत ठेवली. प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि बॅक्टेरिया माजतात.

काम काय आहे ते एकदाच लिहून ठेवते. या बुरशीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा संपूर्ण क्रम, २०१२ मध्ये स्पेनमधल्या तिच्या दोन वाणांवरून, पीएचआय२६ आणि पीडी१, प्रसिद्ध झाला. आकार सुमारे २६ दशलक्ष बेस (डीएनएची अक्षरं), जनुकं नऊ हजारांच्या आसपास. दोन्ही वाण जवळपास सारखेच निघाले, बुरशीनाशकांना दाद देण्यात मात्र वेगळे. आम्हाला नागपुरी संत्र्यावरच्या एका वाणाचा जीनोम करायचा आहे आणि त्यात बुरशीनाशकांशी संबंधित जनुकं कशी आहेत ते बघायचं आहे. मी, एमएस्सीची एक विद्यार्थिनी आणि आमच्या प्रयोगशाळेतले मामा, एवढीच टीम.

१७ डिसेंबर

पीडीएवर (बटाट्याच्या अर्काचं माध्यम) क्लोरॅमफेनिकॉल हे बॅक्टेरिया रोखणारं औषध घालून प्लेटा लावल्या. बुरशी छान आली. इतकी छान की शेजारच्या टेबलावरच्या संशोधक विद्यार्थ्याच्या ट्रायकोडर्मा या दुसऱ्या बुरशीच्या प्लेटांमध्येही आली. पिकलेल्या डागाला नुसता धक्का लागला तरी हिरवी धूळ उडते आणि लॅमिनारचा (गाळलेली हवा सोडणाऱ्या टेबलाचा) वारा ती समोरच्याच्या तोंडावर आणून टाकतो. भांडण व्हायचं थोडक्यात वाचलं.

तेव्हापासूनचे नियम असे. सुई कोरडी वापरायची नाही, ट्वीन ८० या साबणासारख्या रसायनाच्या पातळ द्रावणात बुडवून मगच डागाला लावायची. प्लेट उलटी धरून खालून उघडायची. आणि हे काम दिवसाच्या शेवटी, बाकीच्यांची कामं आटोपल्यावर करायचं.

२८ डिसेंबर

ओळख पटवायच्या दोन स्वस्त चाचण्या आधी करून घ्या, पीसीआरचे (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचे) पैसे वाचतात. पहिली, प्लेट ३७ अंशावर ठेवा: डिजिटॅटम वाढतच नाही. दुसरी, चापेक माध्यमावर लावा: त्यातला नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात असतो आणि तो हिला पचत नाही, म्हणून वाढ अगदी किरकोळ होते. बारा प्लेटांपैकी निम्म्याहून अधिक या दोन चाचण्यांतच गळल्या. उरलेल्यांतून दोन घेतल्या, क-३ आणि क-७.

११ जानेवारी २०२४

सँगरचे (डीएनएचा एकेक तुकडा वाचण्याची पद्धत) निकाल आले. आयटीएस, म्हणजे बुरशी ओळखायला नेहमी वापरतात तो तुकडा, दोन्ही नमुन्यांत स्वच्छ. विद्यार्थिनी खूश, "मॅम, झालं!" पण बीटा-ट्युब्युलिन जनुकाचा क्रोमॅटोग्राम (वाचनाचा आलेख) उघडला तर क-३ मध्ये ठिकठिकाणी एकाखाली एक दोन शिखरं. ही बुरशी हॅप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच, एका जनुकाच्या दोन आवृत्त्या तिच्यात असायचं कारण नाही. म्हणजे प्लेटमध्ये दोघीजणी आहेत.

पेनिसिलियममध्ये आयटीएसवर विसंबू नका. जवळच्या जातींमध्ये तो तुकडा इतका सारखा असतो की मिसळ झालेली कळत नाही. बीटा-ट्युब्युलिन लावाच, बीटी२ए आणि बीटी२बी हे प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) चालतात. एका सँगर रिॲक्शनला आम्हाला सुमारे ४०० रुपये पडले. हे ४०० वाचवले असते तर दोन बुरश्यांची खिचडी सिक्वेन्सिंगला (अख्खा डीएनए वाचायला) गेली असती आणि पुढचे सगळे हजार त्यात बुडाले असते.

२० जानेवारी

एकबीजाणू पद्धतीने शुद्धीकरण. बीजाणू ट्वीनच्या पाण्यात ढवळून पातळ करत गेलो आणि साध्या वॉटर अगारवर पसरवले. रात्रभर २४ अंशावर ठेवून सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं. ज्या बीजाणूला नुकता अंकुर फुटला आहे आणि ज्याच्या आसपास दुसरा कोणी नाही, तो अगारच्या तुकड्यासकट कापून उचलायचा. उशीर केला तर तंतू एकमेकांत गुंततात आणि सगळं वाया जातं. सोळा ते अठरा तासांची वेळ आम्हाला जमली.

काही जणांना पीडीएवर रेघा ओढून वेगळ्या झालेल्या कॉलनी पुरेशा वाटतात. बॅक्टेरियासाठी ठीक आहे. बुरशीची एक दिसणारी कॉलनी कित्येकदा दोन बीजाणूंची असते.

नव्याने सँगर केलं. दोन्हींत एकच शिखर, दोन्ही डिजिटॅटम.

६ फेब्रुवारी

कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या प्लेटा. विदर्भात संत्राबागांवर हे औषध जुनं आहे, म्हणून सुरुवात इथून. कृषी केंद्रातली ५० टक्क्यांची पावडर आणून घातली तर माध्यम गढूळ झालं, औषध खाली बसलं, आणि एकाच प्लेटच्या एका बाजूला बुरशी वाढली, दुसऱ्या बाजूला नाही. शुद्ध रसायन मागवलं, डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं, पीडीए पन्नास अंशापर्यंत निवल्यावर मिसळलं. नुसत्या डीएमएसओची एक प्लेट सोबत ठेवायची, नाहीतर परिणाम कशाचा ते सांगता येत नाही.

मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमवर क-७ थांबली. क-३ आरामात वाढली. ही दोन फळांची गोष्ट आहे, यावरून बाजाराबद्दल काही बोलायचं नाही, असं विद्यार्थिनीला तिच्या प्रबंधात ठळक लिहायला लावलं आहे.

पैसे एकाच जीनोमपुरते आहेत. क-३ चा जीनोम, क-७ चं फक्त ट्युब्युलिन जनुक (कार्बेन्डाझिम याच्याच प्रथिनावर काम करतं) सँगरने.

२४ फेब्रुवारी

डीएनए. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

पीडीबीत (पीडीएचंच द्रवरूप) फ्लास्क हलवत ठेवले, २४ अंश. पहिल्या खेपेला भरपूर माल मिळावा म्हणून पाच दिवस वाढू दिलं. तंतूंचे गोळे झाले, वर हिरवे बीजाणू धरले. बीजाणूंची भिंत जाड, त्यांच्यातला रंग डीएनएबरोबर खाली उतरतो. आयसोप्रोपॅनॉल घातल्यावर नळीत डीएनएच्या दोऱ्याऐवजी जेलीसारखा गोळा बसला. ही पॉलिसॅकराइड्स, बुरशीतल्या चिकट शर्करा. डीएनए मोजायच्या दोन यंत्रांपैकी नॅनोड्रॉपने ४०० नॅनोग्रॅम दाखवले, क्युबिटने ४० सुद्धा दाखवले नाहीत. नॅनोड्रॉप आरएनएसकट सगळंच मोजतो. २६०/२३० चं गुणोत्तर, म्हणजे शुद्धतेचं माप, ०.६, फारच कमी.

तरी नमुना पाठवून बघितला, कारण सिक्वेन्सिंग करणाऱ्यांच्या यादीत फक्त "किमान प्रमाण" दिलं होतं.

२ एप्रिल

नमुना नापास होऊन आला. तपासणीचे पैसे वेगळे लागले, कोरड्या बर्फातल्या पार्सलचे वेगळे.

१२ एप्रिल

काय बदललं ते लिहिते.

तंतू फक्त अठ्ठेचाळीस तासांचे घेतले, पांढरेशुभ्र, एकही हिरवा ठिपका नाही. माल कमी मिळतो, म्हणून फ्लास्क वाढवले. मलमलीतून गाळून थंड पाण्याने धुतले, गाळणकागदात दाबून पाणी काढलं.

द्रव नायट्रोजनचा पुरवठादार आम्हाला लहान प्रमाणात द्यायला तयार नव्हता. मामांनी मार्ग काढला. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या नायट्रोजनमध्येच ठेवतात आणि तिथले एक ओळखीचे गृहस्थ भरणीच्या दिवशी आमचाही लहान कंटेनर भरून द्यायला तयार झाले. ज्यांची प्रयोगशाळा तालुक्याच्या ठिकाणी आहे त्यांनी हा मार्ग जरूर बघावा. खल आणि बत्ता आदल्या रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवायचे. पूड पिठीसाखरेसारखी झाली पाहिजे आणि सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) पडेपर्यंत वितळता कामा नये. वितळली की बुरशीची स्वतःची एन्झाइम्स डीएनए तोडायला लागतात.

सीटॅब ६५ अंशावर, मर्कॅप्टोइथेनॉल आयत्या वेळी घातलं. क्लोरोफॉर्म एकदा नाही, मधला पांढरा थर दिसेनासा होईपर्यंत. आरएनए काढायला आरएनेज. मग मुख्य गोष्ट: अवक्षेपणाआधी मिठाचं प्रमाण वाढवलं. जास्त मिठात पॉलिसॅकराइड्स विरघळलेली राहतात आणि डीएनए खाली येतो. सत्तर टक्के इथेनॉलने दोनदा धुतलं. २६०/२३० आता १.९, क्युबिट आणि नॅनोड्रॉप यांच्यात फारसा फरक नाही, जेलवर वरच्या बाजूला एकच घट्ट पट्टा, म्हणजे डीएनए तुटलेला नाही.

१९ एप्रिल

नागपूरचं मतदान. मामा निवडणूक ड्यूटीवर, मीही. डीएनए उणे वीसमध्ये बसून आहे.

९ मे

डेटा आला. इल्युमिना यंत्रावरचे १५० बेसचे जोड-रीड्स (डीएनएच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून केलेली लहान वाचनं), सुमारे साडेतीन गिगाबेस, म्हणजे साडेतीन अब्ज बेस. २६ दशलक्षांच्या जीनोमसाठी हे शंभरपटीहून जास्त झालं, म्हणजे सरासरी प्रत्येक बेस शंभराहून जास्त वेळा वाचला गेला (यालाच खोली म्हणतात), एवढं लागत नाही. पुन्हा करायचं झालं तर निम्मा डेटा घेईन आणि उरलेल्या पैशात क-७ सुद्धा करेन.

फास्टपी या सॉफ्टवेअरने रीड्सची टोकं साफ केली. माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर रीड्स जोडून जीनोम बनवणारं स्पेड्स चालवलं, रात्री कधीतरी मेमरी संपून मेलं. विभागातल्या ३२ जीबीच्या संगणकावर, रीड्स साठपटीपर्यंत कमी करून, "आयसोलेट" मोडमध्ये पुन्हा लावलं.

२८ मे

बाहेर पारा ४५ च्या आसपास. दुपारी वीज गेली, ती रात्रीच आली. स्पेड्स अर्ध्यात थांबलं, पण ते मोठं दुखणं नव्हे. "कंटिन्यू" पर्याय दिला की शेवटच्या पूर्ण टप्प्यापासून पुढे जातं. खरं नुकसान बीओडी इनक्युबेटरमध्ये झालं. आतलं तापमान बाहेरच्या बरोबरीला आलं आणि कामाच्या प्लेटा गेल्या. ३७ अंशावर न वाढणं ही डिसेंबरात आमची ओळखचाचणी होती, मे महिन्यात तीच आमच्यावर उलटली. फ्रीजमधल्या तिरक्या नळ्या आणि ग्लिसरॉलमधले साठे होते म्हणून निभावलं. उन्हाळ्यात विदर्भात बुरशी सांभाळणाऱ्यांनी जिवंत प्रत एकाच यंत्रात ठेवू नये.

३ जून

जोडणी पूर्ण, म्हणजे क्रमाची अक्षरं लिहिलेली फास्टा फाइल हातात. एकूण लांबी २६ दशलक्षांच्या जरा आत, प्रसिद्ध जीनोमशी जुळणारी. तुकडे काही शेकड्यांत. फक्त लहान रीड्सवर याहून चांगलं होणार नाही. अख्खी गुणसूत्रं हवी असतील तर नॅनोपोरसारखे लांब रीड्स घ्यावे लागतात.

एक तुकडा बाकीच्यांपेक्षा कितीतरी पट खोल वाचला गेला होता, सुमारे २९ हजार बेसचा आणि जी-सी अक्षरांचं प्रमाण अगदी कमी. घाबरू नका, ते मायटोकाँड्रियाच्या डीएनएचं वर्तुळ आहे. जोडणी किती पूर्ण आहे ते तपासणाऱ्या बुस्कोला युरोशियालिसचा (पेनिसिलियमच्या गणाचा) संच दिला, ४१९१ जनुकांपैकी जवळपास सगळी पूर्ण सापडली. मी "दुबार" हा रकाना आधी बघते. एकाच हॅप्लॉइड बुरशीत तो जवळजवळ शून्य असायला हवा. होता. जानेवारीतली खिचडी पाठवली असती तर तो रकाना भरून आला असता.

१० जून

ट्युब्युलिन. क-३ मध्ये प्रथिनाच्या २००व्या जागी टीटीसीऐवजी टीएसी, म्हणजे फेनिलॲलनीनच्या जागी टायरोसिन. कार्बेन्डाझिमच्या गटाला न जुमानणाऱ्या बुरश्यांमध्ये सापडणारा हा ओळखीचा बदल. क-७ च्या सँगरमध्ये टीटीसीच. प्लेट आणि जनुक एकच सांगतात.

आता स्पष्ट सांगते. एवढ्यासाठी जीनोम लागत नव्हता. एक पीसीआर, एक सँगर, हजार रुपयांच्या आत उत्तर. प्रश्न फक्त "औषध लागू पडतं का" एवढाच असेल तर कृपा करून जीनोमच्या वाटेला जाऊ नका.

जीनोममुळे मिळालेली एक गोष्ट मात्र विद्यार्थिनीने स्वतः शोधली. ही बुरशी इथिलीन हा फळं पिकवणारा वायू बनवते, आणि त्यासाठी लागणाऱ्या एन्झाइमचं जनुक तिने आमच्या तुकड्यांत शोधून काढलं. पेटीत एक सडकं फळ राहिलं की शेजारची हिरवट फळं लवकर पिवळी पडतात, हे अडत्यांना माहीत असतं. त्यांच्या लेखी ते "गरमीनं" होतं.

२१ जून

सीवायपी५१ए. इमॅझालिल हे बुरशीनाशक आणि त्या गटातली औषधं या जनुकाच्या प्रथिनावर काम करतात. जपानमधल्या प्रतिकारक वाणांत जनुकाच्या आधीचा १२६ बेसचा तुकडा लागोपाठ पाच वेळा आलेला असतो, संवेदनशील वाणांत एकदाच. तुकड्याची आवर्तनं वाढली की जनुक जोरात चालतं.

आमच्या जोडणीत एकच प्रत दिसली. विद्यार्थिनीने "संवेदनशील" लिहून टाकलं. मी थांबवलं, कारण रीड १५० बेसचा आहे. १२६ चे पाच तुकडे लागोपाठ आले तर कुठलाच रीड त्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि जोडणी करणारं सॉफ्टवेअर त्यांना एकावर एक घडी घालू शकतं.

हे तपासायला एक पैसा लागला नाही. प्रसिद्ध जीनोमचा तो भाग घेतला, हाताने पाच प्रती चिकटवल्या, त्यातून १५० बेसचे खोटे रीड्स तयार केले आणि स्पेड्सला दिले. पाच काही परत मिळाल्या नाहीत. पण तेच रीड्स जोडणीवर परत बसवले तर त्या जागी खोली आजूबाजूच्या कित्येक पट वर गेली. म्हणजे जोडणी लपवते ते खोली सांगते.

मग क-३ चे खरे रीड्स बसवले. १२६ बेसच्या तुकड्यावर खोली शेजाऱ्यांइतकीच. एकच प्रत. तरीही दोन्ही बाजूंना प्रायमर ठेवून पीसीआर केला. चार प्रती जास्त असत्या तर पट्टा ५०४ बेसने वर सरकला असता. सरकला नाही.

सीवायपी५१बी या भावंड जनुकाच्या आधी १९९ बेसचा एक तुकडा घुसलेला असल्याचं चीनमधल्या प्रतिकारक वाणांत दाखवलं गेलं आहे. तो आमच्यात नाही. इथेही जोडणीवर न थांबता रीड्स बसवून बघितलं.

८ जुलै

जनुकं शोधायला ऑगस्टस या सॉफ्टवेअरमध्ये ॲस्परजिलस निड्युलन्सचा साचा वापरला, कारण आरएनए डेटा घ्यायला पैसे नाहीत. आकडा नऊ हजारांच्या जवळ आला, पण साचा दुसऱ्या बुरशीचा आहे, त्यामुळे लहान इंट्रॉनच्या (जनुकातल्या, प्रथिनात न जाणाऱ्या तुकड्यांच्या) जागी चुका दिसतात. ज्या जनुकाबद्दल काही लिहायचं आहे ते डोळ्यांनी तपासायचं. बाकी आकड्यांवर माझा फार जीव नाही.

एनसीबीआय या अमेरिकेतल्या जीनोम-संग्रहाला पाठवलं. दोन दिवसांत परत आलं: काही लहान तुकड्यांत अडॅप्टरचे (सिक्वेन्सिंगसाठी जोडलेल्या कृत्रिम डीएनएचे) अवशेष. फास्टपीनंतरही राहतात. ते काढून, ५०० बेसपेक्षा लहान तुकडे सोडून पुन्हा पाठवलं. नमुन्याच्या फॉर्मात ठिकाण, तारीख, पीक हे रकाने नीट भरा. "नागपूर मार्केट" लिहिलं तर फळ कुठल्या बागेतलं ते कळत नाही. अडत्याकडून गाव विचारून घ्यायला हवं होतं, तो सांगतो.

१५ जुलै

खर्चाचा हिशेब. क-३ चं सिक्वेन्सिंग जीएसटीसकट वीस हजारांच्या थोडं वर. नापास नमुन्याची तपासणी आणि दोन पार्सलं मिळून पाचेक हजार. सँगर सगळं धरून साडेतीन हजार. रसायनं आणि प्लास्टिकचा खर्च विभागाच्या खात्यातून गेला, तो धरलेला नाही. संगणकाचा खर्च शून्य, सगळी सॉफ्टवेअर मोफत. डिसेंबर ते जुलैमधला मोठा वेळ बुरशी शुद्ध करण्यात आणि डीएनए धुण्यात गेला. संगणकावरचं काम, वीज जाणं धरूनसुद्धा, त्याच्या निम्म्यातही नव्हतं.

मृग बहाराचा माल पुढच्या फेब्रुवारीत येईल. तेव्हा काटोल आणि वरूडकडच्या बागांमधून गावाच्या नावासकट फळं घ्यायची, प्रत्येकाचं ट्युब्युलिन आणि सीवायपी५१एचा पुढचा भाग पीसीआरने बघायचा. जीनोम फक्त त्याचाच करायचा, ज्याचं प्लेटवरचं वागणं या दोन जनुकांनी उलगडत नाही.

प्रायमरची यादी आणि सीटॅबचं मिठाचं प्रमाण विभागाच्या फळ्याशेजारी चिकटवलं आहे. मामांनी त्याखाली नायट्रोजन भरणीचा वारही लिहून ठेवला आहे.